खिलाफत, छिंदवाडा आणि सरकारची धास्ती

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत इतिहासाच्या पेपरात एक टीप आली होती : ‘खिलाफत चळवळ’. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, “खिलाफत म्हणजे विरोध. इंग्रज सरकारच्या खिलाफ जी चळवळ झाली, तिला खिलाफत चळवळ असे म्हणतात.” पाचपैकी शून्य गुण मिळाले. उत्तरपत्रिका परत देताना सर एवढेच म्हणाले, “चळवळ सरकारच्या विरोधात गेली हे खरे. पण शब्द तो नव्हे. अर्थ शोधून काढ.” वर्ग हसला. नंतर कळले की हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तेच लिहिले होते.

आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच. वडील जिनिंग फॅक्टरीत हमालीला, आई मजुरीला. घरी विचारावे असे कोणी नाही. म्हणून गावी गेलो तेव्हा शेजारच्या चाचांना विचारले. चाचा जातीने पिंजारी. आमच्या साऱ्या गावच्या गाद्यांचा कापूस त्यांच्या हाताखालून गेलेला आहे. चहाच्या टपरीवर चारचौघांत मी मोठ्याने म्हणालो, “चाचा, खिलाफत म्हणजे काय हो?” चाचा काही बोलले नाहीत. चहा अर्धा टाकून उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाबू, असे सवाल चौकात नोको इचारू. कोन काय समजन, सांगता येत नाई.”

त्यांनाही त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. पण त्या शब्दाची भीती मात्र त्यांना ठाऊक होती. शंभर वर्षांपूर्वीची एक चळवळ, तिचे नाव घेतले तर एका कापूस पिंजणाऱ्या म्हाताऱ्याने चहा टाकून उठावे, हे मला विलक्षण वाटले. ही भीती आली कोठून? प्रथम कोण कोणाला भ्याले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडत आहे.

खलिफा म्हणजे कोण?

‘खिलाफ’ म्हणजे विरुद्ध, आणि ‘खिलाफत’ म्हणजे खलिफाचे पद. दोन्ही शब्द अरबीतूनच आपल्याकडे आले आणि कानाला सारखे लागतात, म्हणून आपली फसगत होते. महंमद पैगंबरांच्या पश्चात मुसलमान समाजाचा जो प्रमुख झाला, तो खलिफा, म्हणजे मागे राहिलेला वारस. पुढे अनेक घराण्यांनी हे पद मिरवले. एकोणिसाव्या शतकात तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान स्वतःला खलिफा म्हणवीत असे. मक्का, मदिना आणि जेरुसलेम ही तिन्ही पवित्र स्थाने त्याच्याच राज्यात होती.

त्याच काळात युरोपातील राष्ट्रे एकामागून एक मुसलमानी मुलूख गिळंकृत करीत होती. तेव्हा जगातील सर्व मुसलमानांनी एक होऊन त्याला तोंड द्यावे, असा विचार पुढे आला. यालाच पॅन-इस्लामवाद म्हणतात. जमालुद्दीन अफगाणी हा त्याचा मोठा प्रचारक. हा गृहस्थ १८८० च्या सुमारास आपल्या शेजारच्या हैदराबादेत राहून गेला होता. सुलतान अब्दुल हमीद याने तर हा विचार आपल्या परराष्ट्र धोरणाचे हत्यारच बनवला.

सरकारला धास्ती का वाटली?

त्या काळी जगातील सर्वांत जास्त मुसलमान प्रजा कोणत्या बादशहाची होती, असे विचारले तर उत्तर चमत्कारिक आहे. तुर्कस्तानच्या सुलतानाची नव्हे, इंग्लंडच्या बादशहाची! जोपर्यंत इंग्लंड आणि तुर्कस्तान मित्र होते, तोपर्यंत यात अडचण नव्हती. परंतु १९१४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरले आणि खलिफाने इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला. आता हिंदुस्थानातील मुसलमानाने कोणाचे ऐकावे, आपल्या राजाचे की आपल्या खलिफाचे? हा प्रश्न मुसलमानांना पडण्याआधी सरकारलाच पडला.

सरकारची भीती निव्वळ हवेतली नव्हती. हिंदी फौजेत मुसलमान शिपायांचा भरणा मोठा होता. १९१५ च्या फेब्रुवारीत सिंगापूर येथे एका पलटणीने बंड केले. आपल्याला तुर्कांवर चालून जावे लागणार, या वार्तेने शिपाई बिथरले होते. त्याच वर्षी १ डिसेंबरला काबूलमध्ये हिंदुस्थानचे ‘हंगामी सरकार’ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष राजा महेंद्रप्रताप हे हिंदू आणि पंतप्रधान मौलवी बरकतुल्ला. १९१६ मध्ये मौलाना उबेदुल्ला सिंधी यांनी काबूलहून रेशमी कापडावर लिहून पाठवलेली पत्रे सरकारच्या हाती लागली. ती देवबंदचे वृद्ध धर्मपंडित मौलाना महमूद हसन यांच्यासाठी होती आणि त्यांत बाहेरून स्वारी व आत उठाव अशी योजना होती. महमूद हसन तेव्हा अरबस्तानात होते. त्यांना पकडून माल्टा बेटावर कैदेत ठेवण्यात आले. ‘रेशमी पत्रांचा कट’ म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात त्याला स्थान मिळाले. रौलट कायदा आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या मुळाशी बंगालच्या बॉम्बबरोबर हे रेशमी कापडही होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

वाचक मित्रहो, काबूल, माल्टा, सिंगापूर ही नावे दूरची वाटतात. परंतु या कथेचा एक महत्त्वाचा भाग आपल्याच मध्य प्रांतात, नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या छिंदवाड्यात घडला.

छिंदवाड्यातील नजरकैदी

मौलाना महंमद अली आणि मौलाना शौकत अली हे रामपूरचे दोघे भाऊ. ‘मौलाना’ ही उपाधी त्यांना पुढे मिळाली. मुळात दोघेही अलीगढच्या कॉलेजचे विद्यार्थी. थोरला शौकत अली क्रिकेटचा कप्तान, नंतर सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. धाकटा महंमद अली ऑक्सफर्डला इतिहास शिकून आला आणि कित्येक वर्षे बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांच्या नोकरीत होता. पुढे त्याने ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी आणि ‘हमदर्द’ हे उर्दू पत्र काढले. १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या भूमिकेवर लिहिलेल्या लेखाबद्दल ‘कॉम्रेड’चा जामीन जप्त झाला. १९१५ च्या मे महिन्यात भारत संरक्षण कायद्याखाली दोघा भावांना स्थानबद्ध करण्यात आले. प्रथम मेहरौली, मग लॅन्सडाऊन, आणि त्या वर्षाच्या अखेरीस छिंदवाडा.

छिंदवाडाच का? दिल्ली, अलीगढ, लखनौ येथून दूर, सातपुड्याच्या डोंगरात, जिथे त्यांचे भाषण ऐकायला फारसे कोणी नाही असे गाव सरकारला हवे असावे. खटला नाही, शिक्षा नाही. केवळ गावाबाहेर जायचे नाही आणि पत्रव्यवहार सरकारच्या नजरेखालून जायचा. याला कायद्याच्या भाषेत नजरकैद म्हणतात. सुमारे साडेतीन वर्षे हा प्रकार चालला. या काळात त्यांचे कायदेविषयक काम पाहणारे वकील मराठी होते, घाटे आडनावाचे. गांधीजींच्या पत्रव्यवहारात या घाटे वकिलांचा उल्लेख येतो.

१९१७ साली ॲनी बेझंट यांची सुटका झाली, तेव्हा अली बंधूंनाही सोडण्याचा विचार निघाला. गुप्तचर खात्याचा एक अधिकारी हमीपत्राचा मसुदा घेऊन छिंदवाड्यास आला. युद्ध चालू असेपर्यंत शत्रूला उत्तेजन मिळेल असे काही बोलणार नाही, लिहिणार नाही, करणार नाही, अशी ती हमी होती. भावांनी सही करण्याची तयारी दर्शवली, पण त्यात एक पुस्ती जोडली : इस्लामवरील आमच्या निष्ठेला बाध न येता. एवढ्या एका पुस्तीवर सुटका अडली. बादशहाशी एकनिष्ठ राहण्याला ज्याची अट आहे, असा माणूस सरकारला चालणार नव्हता.

या प्रसंगातील सर्वांत मोठे पात्र मला त्यांची आई वाटते. आबादी बानो बेगम, म्हणजे सर्वांच्या ‘बी अम्मा’. तरुणपणी विधवा झालेल्या या बाईने दागिने गहाण ठेवून मुलांना इंग्रजी शिकवले होते. मुले सरकारपुढे वाकली तर माझ्या म्हाताऱ्या हातांतही त्यांना आवरण्याएवढे बळ आहे, अशा अर्थाचे त्यांनी त्या अधिकाऱ्याला पडद्याआडून ऐकवल्याचे सांगतात. १९१७ च्या डिसेंबरात कलकत्त्याला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष म्हणून महंमद अलींची निवड झाली होती. अध्यक्ष छिंदवाड्यात नजरकैदेत असल्यामुळे खुर्चीवर त्यांचे छायाचित्र ठेवले गेले आणि बी अम्मा तिथे बोलल्या.

१९१८ च्या दिल्ली युद्ध परिषदेच्या वेळी गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्याकडे अली बंधूंचा प्रश्न लावून धरला. परंतु सरकार बधले नाही. उलट १९१९ च्या जूनमध्ये दोघांना छिंदवाड्याहून बैतूलच्या तुरुंगात नेण्यात आले. अखेर डिसेंबरात त्यांची सुटका झाली आणि ते थेट अमृतसरच्या काँग्रेसला गेले.

या साडेचार वर्षांचा हिशेब मांडला तर काय दिसते? छिंदवाड्यात महंमद अलींना सवडच सवड होती. कुराणाचा सखोल अभ्यास आपण स्थानबद्धतेतच केला, असे त्यांनी स्वतः आत्मकथनात नमूद केले आहे. सूटबूट घालणारा एक ऑक्सफर्डचा पदवीधर आत गेला आणि लांब झगा घातलेला ‘मौलाना’ बाहेर आला. ज्या गोष्टीची सरकारला धास्ती होती, ती बऱ्याच अंशी सरकारनेच घडवली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

नागपूर, डिसेंबर १९२०

युद्ध संपले. तुर्कस्तान हरले. युद्ध चालू असताना, ५ जानेवारी १९१८ रोजी, ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर केले होते की तुर्कांची राजधानी किंवा त्यांची मूळ भूमी हिरावून घेण्यासाठी आम्ही लढत नाही. १९२० च्या मे महिन्यात तहाच्या अटी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्या शब्दाची किंमत कळली. १० ऑगस्ट १९२० च्या सेव्हर्सच्या तहाने तुर्की साम्राज्याचे तुकडे झाले.

तत्पूर्वीच, १९१९ मध्ये, मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली होती. तिचे अध्यक्ष मियां महंमद छोटानी हे लाकडाचे बडे व्यापारी. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीला खिलाफत परिषद भरली आणि तिच्यात गांधीजींनी अध्यक्षस्थान भूषविले. गांधीजींचा विचार सरळ होता : सात कोटी देशबांधवांना एका गोष्टीचे दुःख होत असेल आणि सरकारने दिलेला शब्द मोडला असेल, तर शेजारधर्म म्हणून आपण त्यांच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. १ ऑगस्ट १९२० रोजी असहकाराला सुरुवात झाली. त्याच दिवशी पहाटेपूर्वी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले होते.

डिसेंबर १९२० ची नागपूर काँग्रेस म्हणजे आपल्या भागाच्या इतिहासातील सोन्याचे पान. स्वागताध्यक्ष होते आपल्या वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज. अध्यक्षस्थानी विजयराघवाचारी. याच अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. जमनालालजींनी ‘रायबहादूर’ ही सरकारी पदवी सोडली आणि वकिली सोडणाऱ्यांच्या मदतीसाठी एक लाख रुपये दिले. पुढील एप्रिलमध्ये विनोबा वर्ध्यास आले. म्हणजे ज्या वर्ध्याला आपण गांधी-विनोबांची भूमी म्हणतो, तिचा पाया ज्या वर्षी घातला गेला, ते वर्ष खिलाफतीचेही होते.

अधिवेशन आटोपल्यावर, ६ जानेवारी १९२१ रोजी, गांधीजी छिंदवाड्याला गेले आणि तेथील चिटणवीस गंजात त्यांची सभा झाली. वर्षभरापूर्वीपर्यंत जे गाव केवळ नजरकैदेचे गाव होते, ते आता चळवळीच्या नकाशावर आले.

सरकारचे उपाय आणि सरकारमधील दुफळी

आता सरकारच्या धास्तीने नवे रूप घेतले. १९१९ मध्ये अफगाणिस्तानशी तिसरे युद्ध झाले होते. १९२० मध्ये ‘हिजरत’ झाली. इंग्रजी राज्य सोडून हजारो मुसलमान घरदार विकून अफगाणिस्तानच्या वाटेला लागले, आणि बहुतेकांची अन्नान्न दशा झाली. त्यांतील काही तरुण ताश्कंदला पोहोचून बोल्शेविकांच्या सैनिकी शाळेत दाखल झाले. त्यामुळे पॅन-इस्लामवाद आणि बोल्शेविझम एक झाले की काय, अशी नवी शंका हेरखात्याला भेडसावू लागली. पेशावरला कटाचे खटले भरले गेले.

जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला की मुसलमानाने इंग्रजांच्या फौजेत राहणे धर्मविरुद्ध आहे. सरकारच्या वर्मावरच हा घाव होता. अली बंधू, डॉ. किचलू आदींवर खटला झाला आणि दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा ठोठावण्यात आली. आरोपींत शारदापीठाचे शंकराचार्यही होते! त्यांची निर्दोष सुटका झाली. ज्या कटाला सरकार पॅन-इस्लामी म्हणत होते, त्याच्या पिंजऱ्यात एक शंकराचार्य उभे होते, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते.

सरकारच्या आतही एकमत नव्हते. व्हाइसरॉय रीडिंग यांचे सरकार लंडनला सतत कळवीत होते की तुर्कस्तानशी केलेला तह सौम्य करा, नाहीतर येथे राज्य करणे कठीण होईल. भारतमंत्री माँटेग्यू यांनी अशीच एक तार मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध केली, आणि ९ मार्च १९२२ रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी गांधीजींना अटक झाली. एकीकडे खिलाफतवाद्यांना तुरुंगात घालायचे आणि दुसरीकडे त्यांचीच मागणी लंडनला कळवायची, असा हा दुटप्पी कारभार होता. १९२५ मध्ये हेरखात्याचे अधिकारी बॅमफर्ड यांनी खिलाफत व असहकार चळवळींचा गोपनीय इतिहास सरकारसाठी तयार केला. शत्रूचा इतिहास लिहावा लागतो, यावरूनच त्या शत्रूची धास्ती किती होती ते कळते.

चळवळीचा अस्त

येथे चळवळीचे दोषही प्रांजळपणे सांगितले पाहिजेत. ऑगस्ट १९२१ मध्ये मलबारात मोपल्यांचे बंड झाले. त्याची मुळे जमीनदारी जुलमातही होती. पण हिंदूंच्या हत्या झाल्या, सक्तीची धर्मांतरे झाली, हे नाकारता येत नाही. सरकारनेही तितक्याच क्रूरपणे बंड मोडले. मालगाडीच्या बंद डब्यात कोंडून नेलेले सुमारे ७० कैदी गुदमरून मेले. पुढे तुर्कस्तानसाठी जमवलेल्या निधीच्या हिशेबावरून छोटानी शेठवर ठपका आला. शेवटी ज्या सिंहासनासाठी हे सारे चालले होते, ते खुद्द तुर्कांनीच उलथून टाकले. केमाल पाशांच्या सरकारने ३ मार्च १९२४ रोजी खलिफापदच रद्द केले.

चळवळ ओसरल्यावर ठिकठिकाणी दंगली उसळल्या. मशिदीवरून वाजंत्री नेण्याच्या प्रश्नावर नागपूरही १९२३-२४ मध्ये अशांत झाले. असहकारात एक वर्षाची शिक्षा भोगलेल्या डॉ. हेडगेवारांनी १९२५ मध्ये नागपुरातच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात खिलाफतीच्या राजकारणाची कठोर चिकित्सा केली आहे. धर्माच्या हाकेवर माणसे लवकर गोळा होतात. पण हाक थांबल्यावर ती कोणत्या वाटेने परततील हे हाक देणाऱ्याच्या हाती राहत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा असे मला वाटते.

नदीपलीकडची राजकन्या

खलिफापद संपले, पण सरकारची धास्ती संपली नाही. ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्ये महंमद अलींचे निधन झाले आणि त्यांना जेरुसलेम येथे दफन करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात जेरुसलेमला जागतिक इस्लामी परिषद भरली. तिला शौकत अली आणि कवी इक्बाल उपस्थित होते. खलिफापदाचा विषय तिथे निघू नये, अशी इंग्रजांप्रमाणे तुर्कस्तानचीही इच्छा होती.

त्याआधी महिनाभर, १२ नोव्हेंबर १९३१ रोजी, फ्रान्समधील नीस येथे एक विवाह झाला होता. पदच्युत खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रुशेहवार हिचे लग्न हैदराबादच्या निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी लागले. या सोयरिकीत शौकत अलींचा हात होता. जगातील अत्यंत श्रीमंत मुसलमान राजाचे घराणे आणि खलिफाचे घराणे एक झाले! उद्या या जोडप्याचा मुलगा खलिफा म्हणून पुढे आला तर? इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात हा प्रश्न घोळू लागला. वास्तविक निजाम हा त्यांचा ‘विश्वासू दोस्त’. १९१४ मध्ये खलिफाने जिहाद पुकारला, तेव्हा मुसलमानांनी इंग्रजांशी एकनिष्ठ राहावे असे त्याने जाहीर केले होते.

याचा आपल्याशी काय संबंध? वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड. ते नावापुरते निजामाचे आणि कारभारापुरते इंग्रजांचे होते. १९३६ च्या करारानंतर आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. अर्थात खलिफाची कन्या ‘वऱ्हाडची राजकन्या’ झाली! पुलगावच्या पुलावरून आपण रोज ये-जा करतो. पण त्या पुलापलीकडच्या मुलखाचे नाव इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेल्या एका स्त्रीने लावले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? खलिफा अब्दुल मजीद १९४४ मध्ये पॅरिसला वारले. त्यांच्यासाठी मराठवाड्यात खुलताबाद येथे कबरीची इमारत बांधलेली होती. परंतु ते तिथे कधी आलेच नाहीत. १९५४ मध्ये त्यांचे दफन मदिनेत झाले, आणि खुलताबादची कबर रिकामीच राहिली.

मला ती रिकामी कबर म्हणजे सरकारच्या त्या साऱ्या धास्तीचे स्मारक वाटते.

धास्ती कितपत खरी?

सरकारचे काय चुकले? काबूलचे हंगामी सरकार खरे होते, रेशमी पत्रे खरी होती. कोणतेही सरकार अशा गोष्टींकडे डोळेझाक करणार नाही. परंतु सरकारने देवबंदचे मौलवी, ऑक्सफर्डचे पदवीधर, मुंबईचे व्यापारी, मलबारचे कुळवाडी आणि हैदराबादचा राजा या सर्वांना एकाच दोरीत ओवले आणि त्या दोरीला ‘पॅन-इस्लाम’ नाव दिले. वस्तुतः मक्केच्या शरीफाने १९१६ मध्ये इंग्रजांच्याच मदतीने खलिफाविरुद्ध बंड केले. मेसोपोटेमियात हिंदी मुसलमान शिपाई तुर्कांशी लढले. शेवटी खलिफाला घालवले तेही मुसलमानांनीच. सारे मुसलमान एका इशाऱ्यावर उठतील, ही कल्पना प्रचारकांच्या डोक्यात होती आणि हेरखात्याच्या दप्तरात होती. प्रत्यक्षात ती कोठेच नव्हती.

दुसरी चूक अधिक मोठी. असंतोषाचे मूळ सरकार सतत बाहेर शोधत राहिले : काबूलला, बर्लिनला, ताश्कंदला. आपण दिलेला शब्द मोडला हे मूळ त्याच्या पायाशीच पडले होते. कृत्याबद्दल माणसाला पकडणे वेगळे आणि त्याच्या मनात काय असेल या शंकेवरून साडेचार वर्षे अडकवून ठेवणे वेगळे. शंकेने पाहिलेला माणूस हळूहळू शंका येईल असाच वागू लागतो. चौकातून उठून जातो.

वर्धा, १९३७

या कथेचा शेवट मात्र आपल्या गावी होतो, आणि तो गोड आहे. रेशमी पत्रांच्या प्रकरणातील ते वृद्ध महमूद हसन १९२० मध्ये माल्ट्याहून सुटून आले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना त्यांच्याच हस्ते झाली. अली बंधू त्यात अग्रभागी होते. सरकारच्या पैशाशिवाय चालणारे हे विद्यापीठ खिलाफत चळवळीचेच अपत्य. चळवळ गेली, विद्यापीठ राहिले. त्याचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास आले. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथील शिक्षण परिषद भरली आणि हातांना काम व मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या ‘नई तालीम’चा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडे आले. हेच झाकीर हुसेन १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले.

ज्या चळवळीच्या पाळतीसाठी सरकारने दप्तरेच्या दप्तरे भरली, त्या चळवळीतून निघालेल्या शाळेचा मास्तर वर्ध्याला आला, आणि मजुरांच्या मुलांनी कसे शिकावे यावर विचार करू लागला. मजुराचा मुलगा असलेल्या मला हे वाचताना काय वाटले, ते शब्दांत सांगता येत नाही. इंग्रजांच्या गुप्त अहवालांना हा शेवट दिसला नसता.

दिवाळीच्या सुट्टीत हा लेख मी चाचांना वाचून दाखवला. त्यांना नावे फारशी लक्षात राहिली नाहीत. बी अम्मांचा भाग मात्र त्यांनी चाचींना बोलावून पुन्हा वाचायला लावला. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाले, “म्हंजे खलिफा गेला, इंग्रज गेला, अन् शाळा रायली म्हन!” मी म्हटले, होय. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, “चाल बाबू, टपरीवर चाय घेऊ. तिथं वाचून दाखव.”

आम्ही गेलो, आणि मी चौकात मोठ्याने वाचले.

बी. ए. भाग २ (इतिहास)